आधी काकूंचं बघा

दिवसकार्य आटोपतं, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, "आता कागदांचं बघायला हवं." तोवर त्या विषयाला कुणी हात लावलेला नसतो. माणूस समोर धडधाकट बसलेला असताना त्याच्या मागची व्यवस्था बोलायची म्हणजे अभद्र. "भरल्या घरात असलं काही काढू नका," म्हणणारी एखादी आत्या बहुतेक घरांत असते. त्यामुळे जे बोलणं एखाद्या रविवारी चहा पिता पिता उरकलं असतं, ते सुतकाच्या थकव्यात, रडून डोळे सुजलेले असताना करावं लागतं.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. निवृत्तीआधीची काही वर्षं माझ्याकडे मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल होतं. समोर येणाऱ्यांत बायका जास्त. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुकं, ठेवींच्या पावत्या, मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स. सोबत मुलगा, जावई किंवा दीर. बोलायचा तोच, तिने फक्त दाखवलेल्या जागी सही करायची. मी मुद्दाम तिच्याकडे बघून विचारायचे, "कुठे कुठे खाती आहेत, तुम्हाला काय काय माहीत आहे?" बहुतेक वेळा उत्तर यायचं, "सगळं हेच बघायचे." विजेचं बिल त्यांच्या मोबाइलवरून भरलं जायचं, गॅसची नोंदणी त्यांच्या नंबरवर, प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि त्या फोनचं कुलूप कसं उघडायचं हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

त्या टेबलावर माझं एक मत पक्कं झालं. मृत्युपत्र म्हणजे मुलांमधली वाटणी, असं आपण धरून चालतो. माझ्या मते त्यात पहिला विचार मागे राहणाऱ्या जोडीदाराचा हवा, आणि त्याच बैठकीत स्वतःच्या अखेरच्या वर्षांचा, म्हणजे हात सही करू शकत नाही, डोकं साथ देत नाही तेव्हाचा. मुलांचा नंबर त्यानंतर. मुलांना त्यांची कमाई असते, पुढची वर्षं असतात. पंच्याहत्तरीच्या बाईकडे बहुधा डोक्यावरचं छप्पर तेवढं असतं.

"नॉमिनी मीच आहे, म्हणजे पैसे माझेच ना?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. उत्तर ऐकून लोक रागावायचे, कारण बँक पैसे देणार नॉमिनीच्याच हातात, पण ते कुणाचे हे ठरवणार मृत्युपत्र, आणि ते नसेल तर वारसा कायदा. शेजारणीने आपलं कुरिअर घेऊन ठेवलं म्हणून आतली वस्तू तिची होत नाही, तसं हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ सालीच सांगून ठेवलं होतं. तरी शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबद्दल संभ्रम होता, आणि तो मिटवणारा खटला थेट आपल्या ओळखीच्या घरातला निघाला. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर २०१३ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं. काही गुंतवणुकींना मात्र नॉमिनी नेमलेले होते. हे नॉमिनी मालक झाले की केवळ सांभाळणारे, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कंपनी कायद्याखालच्या नॉमिनीला मालकी मिळत नाही, नॉमिनेशन हा वारशाचा वेगळा रस्ता नव्हे. इतक्या व्यवस्थित माणसाच्या मागेही हा प्रश्न सुटायला दहा वर्षं लागली, हे मी समोर बसणाऱ्यांना आवर्जून सांगते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, टक्केवारीसुद्धा लिहिता येते. सोय उत्तम आहे. मात्र फॉर्मवर टक्केवारी लिहिली म्हणजे वाटणी झाली, असं समजणारे आता वाढतील याची मला काळजी वाटते.

मृत्युपत्र नसेल तर? हिंदू माणसाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई यांचे समान हिस्से होतात. आई! तरुण मुलगा अपघातात गेला की सून आणि सासू दोघी माझ्यासमोर बसायच्या, आणि सासूचाही सुनेइतकाच वाटा आहे हे दोघींनाही पहिल्यांदाच कळायचं. कधी सासू म्हणायची, "मला काही नको, नातवंडांना राहू दे." कधी तसं म्हणायची नाही, आणि तिचंही चुकत नसे, तो मुलगाच तिचा आधार होता. वडिलांना मात्र पहिल्या रांगेत जागा नाही, हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. पुढे वारस दाखला, वारसा प्रमाणपत्र, दिवाणी न्यायालय. महाराष्ट्रात वारस म्हणून प्रमाणपत्र मिळवायचं तर अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनचा आधार घेतला जातो. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळातला हा कायदा आज फ्लॅट आणि ठेवींची वाट मोकळी करतो आहे.

आमच्या घरची गोष्ट सांगते. अप्पा मिरजेला शाळेत शिक्षक होते, सांगलीत त्यांनी हळूहळू घर बांधलं. ऐंशीच्या जवळ आले तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याला, जो आता वकील आहे, रविवारी घरी बोलावून घेतलं. वहीत त्यांनी सुवाच्य अक्षरात मजकूर तयारच ठेवला होता: घर दादा आणि मी, दोघांत निम्मं-निम्मं, बँकेतली रक्कम आईला, आणि शेवटी, 'सौभाग्यवतीचा सांभाळ दोन्ही मुलांनी प्रेमाने करावा.' मुलीला निम्मं लिहिलं होतं याचा त्यांना अभिमान होता, आणि मलाही.

वकिलांनी वाचलं, वही मिटली आणि म्हणाले, "सर, मुलांचं नंतर. आधी काकूंचं बघा."

"बघितलंय की. लिहिलंय ना, सांभाळ करावा म्हणून."

"ते झालं, सर. पण तुमच्यानंतर काकू या घरात कुणाच्या परवानगीने राहणार?"

"परवानगी कसली? ही मुलं आईला बाहेर काढणार आहेत होय?"

"नाही काढणार. पण उद्या घर गहाण ठेवायचं म्हटलं, विकायचं म्हटलं, तर सही यांच्या दोघांची लागेल. काकूंची लागणार नाही. आणि सर, यांच्यानंतर यांचे वारस. त्यांना तुम्ही ओळखत नाही."

अप्पा गप्प झाले. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "मला विचारा की कुणीतरी," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत अप्पांच्या कागदपत्रांच्या बाबतीत ती पहिल्यांदाच बोलत होती. वकिलांनी खुर्ची ओढून दिली आणि तिला दोन रस्ते सांगितले. एक, घर मुलांच्या नावे आणि आईला तहहयात राहण्याचा हक्क. दुसरा, घर पूर्णपणे आईच्या मालकीचं, पुढे ती ठरवेल. पहिल्या रस्त्यात पेच असा, की तहहयात हक्क म्हणजे केवळ राहणं, की हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे त्याची पूर्ण मालकी होते, यावर कोर्टात दशकानुदशकं वाद चालू आहेत. आईने ते कलम वगैरे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मला दवाखान्याला पैसे लागले, तर पहिल्या प्रकारात मला घर विकता येईल का?"

"नाही, काकू."

"मग दुसरं लिहा."

दादाचा चेहरा मी पाहत होते. तो एवढंच म्हणाला, "बरोबर आहे आईचं." मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. अनेक घरांत हे वाक्य कुणाच्या तोंडून निघत नाही. त्याचा राग नंतर हिशेबांत, येण्या-जाण्यात निघतो. अप्पांनी वहीचं पान फाडलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. वकिलांनी त्याच वेळी सांगितलं की घर आईच्या नावे होणार असेल, तर आईनेही आजच स्वतःचं मृत्युपत्र करावं, कारण कुणी आधी जायचं याचा नेम नसतो.

कागद करणं किती साधं आहे, हे लोकांना खरं वाटत नाही. साध्या कोऱ्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात केलं तरी चालतं. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याने सही करायची आणि ती पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या करायच्या. अप्पांनी साक्षीदार म्हणून समवयस्क मित्र सुचवले होते. वकील म्हणाले, तुमच्यापेक्षा तरुण माणसं घ्या, उद्या कोर्टात उभं राहायला साक्षीदार हयात हवा. म्हणून शेजारचा तिशीतला मुलगा आणि आमचे डॉक्टर. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये, हेही त्यांनी बजावलं. डॉक्टरांनी त्याच दिवशीच्या तारखेचा दाखला दिला की अप्पांची शुद्ध आणि समज ठीक आहे. मजकुरात मिळकतींची यादी झाल्यावर एक वाक्य घातलं: 'यात लिहायची राहिलेली आणि यापुढे मिळणारी माझी सर्व मिळकत पत्नीस मिळावी.' हे वाक्य नसलं की विसरलेल्या एका ठेवीसाठी सगळं घर कोर्टाच्या दारात जातं. मी ते पाहिलं आहे.

नोंदणीसाठी आम्ही दुय्यम निबंधकांकडे गेलो. नोंदणीमुळे मृत्युपत्राला आव्हान देता येत नाही असं काही नाही, आणि नंतर केलेलं बिननोंदणीचं मृत्युपत्रही आधीच्या नोंदवलेल्याला मागे टाकतं. तरी तारीख, फोटो, अंगठा सरकारदरबारी राहतो, कागद हरवला तर नक्कल मिळते. मूळ कागद कुठे ठेवायचा, यावर मात्र मी आग्रही होते. पुष्कळजण तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात, लॉकर एकट्याच्या नावावर असतं, आणि मग लॉकर उघडायचा हक्क कुणाचा हे ठरवणारा कागद लॉकरच्या आतच अडकून पडतो. नेत्रदान, देहदान, कसले विधी करावेत किंवा करू नयेत, हेही मृत्युपत्रात लिहून भागत नाही. ते पाकीट उघडतं दिवसांनंतर. डोळे सहा तासांच्या आत द्यावे लागतात. असलं सगळं घरच्यांना आधी तोंडी सांगून ठेवायचं.

बहिणींच्या सहीबद्दल थोडं लांबवून लिहिते, कारण तो विषय मला छळतो. वडील गेले की गावाकडे फेरफारासाठी वारसांची नावं लागतात आणि त्याच महिन्यात बहिणींना निरोप जातो, "तलाठ्याकडे यायचंय, हक्कसोडावर सही करायचीय." माझ्या आत्याने अशी सही केली. तिला कुणी धाकदपटशा दाखवला नाही. तिने स्वतःहूनच म्हटलं, "मला भाऊ हवाय, वावर नको." माहेर तुटेल ही भीती तिला कुणी बोलून दाखवण्याची गरजच नव्हती. पुढे ती विधवा झाली, दोन खोल्यांत राहिली. भाऊबिजेला साडी नेमाने यायची.

कायद्याने आपली बाजू हळूहळू का होईना, सरळ केली आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली वडील हयात असण्याचीही अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या तशाच राहतील. सात-बारावर मात्र अजूनही बापाचं, कधी आजोबांचं नाव असतं. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली, ती याचसाठी. ज्यांच्या गावी अशी नोंद व्हायची आहे त्या बहिणींनी एवढं बघावं, की आपलं नाव लागलं की गाळलं. सोडायचंच असेल तर नाव लागल्यावर, समजून-उमजून सोडता येतं.

आणि कुणी म्हणेल की खेड्यातला पुरुष हे कधीच मान्य करणार नाही, तर त्याला विटनेरची आठवण द्यावी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, शेतकऱ्याने स्वतःहून जमिनीचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावे करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने ते करून दाखवलं. कोर्टाचा हुकूम नव्हता, बक्षीस नव्हतं. आपल्या शाळांत हा धडा असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

बायकांनी स्वतःचं मृत्युपत्र करावं, हे मी ओळखीच्या प्रत्येकीला सांगते. "माझ्याकडे आहे काय?" असं म्हणतात. दागिने आहेत, पोस्टातले पैसे आहेत, आता तर निम्मे फ्लॅट बायकोच्याही नावावर आहेत. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राशिवाय गेली तर तिची स्वतःची कमाईसुद्धा हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नारायणीदेवी नावाच्या बाईची मिळकत आली होती. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं, माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसा साठवला. ती मृत्युपत्र न करता गेली, आणि तो सगळा पैसा ज्यांनी तिला हाकललं त्याच सासरच्या वारसांना मिळाला. न्यायाधीशांनी सहानुभूती दाखवली, पण कलम तेच होतं. एक कागद आणि दोन साक्षीदार असते, तर तिच्या आईला ते मिळालं असतं.

जाता जाता गोव्याचं. माझी नणंद डिचोलीत राहते, आणि तिच्याकडे ही चर्चा वेगळ्याच पायावर उभी असते. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा. वेगळा करार केला नसेल तर लग्न झाल्यापासून दोघांची मिळकत एकत्र, निम्मी बायकोची. आपल्या वाट्यातलाही अर्धा भागच मृत्युपत्राने मनासारखा देता येतो, बाकीचा मुलांसारख्या हक्काच्या वारसांना द्यावाच लागतो. आपल्याकडचे लोक याला जाच म्हणतील. नणंदेला मात्र आमच्या अप्पांची वही ऐकून नवल वाटलं: "घर काकूंना द्यायचं की नाही, हे अप्पांनी ठरवायचं? अर्धं तर त्यांचं असतंच ना!"

आता मरणाआधीच्या वर्षांकडे येते. माझ्या मते आपल्या कायद्यात सगळ्यात मोठी पोकळी इथे आहे.

मावशीच्या यजमानांना विस्मरणाचा आजार झाला. पुण्यात स्वतःचा फ्लॅट, ठेवी, सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर. मुलगा परदेशात. काकांनी त्याला आपल्या वतीने व्यवहार करायचं मुखत्यारपत्र करून दिलेलं होतं, म्हणून सगळे निश्चिंत. पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ते ज्या दिवसासाठी केलं, नेमकं त्याच दिवशी निकामी! समज गेल्यानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र काही देशांत करता येतं. आपल्याकडे ते नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो, पण तो उपचारांपुरता, पैशांच्या व्यवहारासाठी नव्हे. अशा माणसाच्या मिळकतीची पालकी मिळवायला कुटुंबांना उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. चोवीस तासांच्या मदतनिसाचा पगार, डायपर, औषधं यांचा खर्च दर महिन्याला समोर, ठेवींत पुरेसा पैसा, आणि मावशी बहिणींकडून उसने घेते आहे, हे मी पाहिलं.

शरीर खचलं आणि समज शाबूत असेल तर बँकेत मार्ग असतो. सही करता येत नसेल तर अंगठा, हाताने तेही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो; दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. मी स्वतः अशा ठशांसाठी लोकांच्या घरी गेले आहे. पण समज गेली की बँकेचे हात बांधलेले असतात. म्हणून मी म्हणते, खाती दोघांच्या नावावर आणि 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असणारा' अशी करून घ्या. पेन्शनचं खातंसुद्धा असं करता येतं. हे काम एका फॉर्मचं आहे, आणि साठीतच करायचं आहे.

दुसरं एक मी कळकळीने सांगते. हयातीत राहतं घर मुलांना बक्षीसपत्राने देऊ नका. मुद्रांक कमी लागतो, "पुढची कटकट नको" असं मुलंही प्रेमाने म्हणतात. पण मृत्युपत्र कधीही बदलता येतं, बक्षीसपत्र झालं की घर गेलं. द्यायचंच असेल तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं, की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर रद्द ठरवता येते. अर्ज करायचा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशी अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असं सांगून आईला घर परत मिळवून दिलं. याच कायद्यात दरमहा निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा दहा हजार रुपये आहे. आज शहरात पूर्णवेळ मदतनीस ठेवायची तर ही रक्कम किती अपुरी पडते, हे ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्याला विचारावं.

अप्पा गेले ते झोपेत, फार कुणाला त्रास न देता. घर आईच्या नावावर झालं. वरचा मजला तिने भाड्याने दिला आणि त्या भाड्यातून दिवसभराची बाई ठेवली. आमच्यापैकी कुणाला विचारलं नाही, नुसतं कळवलं. पुढच्या वर्षी तिने फोन करून सांगितलं, "मला ते नळ्या न लावण्याचं लिहून ठेवायचंय."

हे लिहून ठेवता येतं, याला एक मोठी किंमत मोजली गेली आहे. परळच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि ती त्याच रुग्णालयात मे २०१५ पर्यंत निपचित जगली. तिथल्या परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी तिला घरच्या माणसासारखं सांभाळलं. तिला मरण येऊ द्यावं म्हणून केलेल्या अर्जावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यापुरता नकार दिला, पण निरुपयोगी ठरलेले उपचार काढून घेण्याचं तत्त्व मान्य केलं. ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मानला. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे कुणी फारसं करेना. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. मुंबईत महापालिकेने प्रभागांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना हे कागद जपायची जबाबदारी दिली. गोव्यात २०२४ च्या मे अखेरीस उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीच स्वतःचा असा कागद करून सुरुवात केली. कागद असला म्हणून कुणी एकटा डॉक्टर निर्णय घेत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं एकापाठोपाठ तपासून मत देतात. हे दादाला समजावून सांगावं लागलं, कारण त्याला वाटत होतं आई उपचारच नको म्हणते आहे.

आईचा मसुदा तिने स्वतः लिहिला. साधे उपचार करावेत. दुखणं कमी करायला जे लागेल ते द्यावं. बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, नाकातून नळी नको. शक्य असल्यास घरी आणावं. माझ्या वतीने बोलायला म्हणून तिने आधी माझं नाव घातलं आणि पाठोपाठ दादाचं, "दोघं भांडलात तर डॉक्टरांचं ऐका" या सूचनेसह. शेवटी तिने एक ओळ वाढवली होती: 'माझ्या आजारपणाचा खर्च घराच्या भाड्यातून करावा, कमी पडल्यास घर विकावे, मुलांकडून घेऊ नये.'

वकिलांनी बाकी सगळं ठीक म्हटलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. उपचारांचा निर्णय या कागदाने होईल, पण ती बेशुद्ध असताना घर विकायचा अधिकार आम्हाला याने मिळणार नाही. मुखत्यारपत्रही तेव्हा चालणार नाही. "म्हणजे माझंच घर, माझ्याच दवाखान्याला, मीच लिहून दिलेलं, तरी नाही?" आईने विचारलं. त्यावर त्यांच्याकडे दोनच उत्तरं होती: वेळ येईल तेव्हा उच्च न्यायालय, किंवा आत्ताच एक खासगी ट्रस्ट करून घर त्यात घालणं, म्हणजे आई हयात असेपर्यंत लाभ तिचा आणि ती थकल्यावर कारभार विश्वस्तांचा. ट्रस्टमध्ये घर घालायचं तर दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांकाचा हिशेब येतो, आणि विश्वस्त म्हणून आम्हा भावंडांखेरीज एक बाहेरचा माणूस असावा असं आईचं म्हणणं आहे. दादाला हा सगळा खटाटोप वाटतो. मला नाही वाटत. नोटरीपुढचा कागद झाला आहे, एक प्रत आमच्या डॉक्टरांकडे आहे. ट्रस्टच्या मसुद्यावर बसायला वकिलांनी दिवाळीनंतरचा रविवार दिला आहे, आणि बाहेरचा माणूस कोण, याची यादी आई करते आहे.